खांबाखालची हाळी

"तार मेली म्हणू नका ताई. निजली म्हणा. निजलेलं कवा बी उठतं."

आमच्या गल्लीचे वायरमन हे इतक्या वेळा म्हणत, की पुढेपुढे त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणून मोकळी व्हायची. मग ते हसत आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकत. भवानी पेठेत माझं मिरची कांडपाचं दुकान आहे, विजेच्या खांबाला अगदी लागून. लाईट गेली की सगळ्यात आधी मी आरडाओरडा करणार आणि वायरमन आले की सगळ्यात आधी माझ्याकडे पाणी मागणार, हे ठरूनच गेलेलं होतं.

त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. कुणी दादा म्हणे, कुणी मामा. तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. लाईट असेपर्यंत त्याची आठवण कुणाला येत नाही, आणि लाईट गेली की तो अजून का आला नाही म्हणून सगळे चिडतात. आमचे दादा मूळचे जेऊरकडचे. अंगाने सुकडे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. त्या मिशांचा त्यांना भारी अभिमान. माझ्याकडे मिरची सुरू असली की नाकाला रुमाल लावत, पण मिशा झाकल्या जाणार नाहीत अशा बेताने.

त्यांची एक खोड सगळ्या गल्लीला माहीत होती. कुठल्याही वस्तूला ते आधी उलटा हात लावत. सरळ हाताने करंटची वस्तू धरली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलटा हात असला तर झटक्याने मागे येतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी शिकवलेलं, ते हाडात मुरलं. चहाचा ग्लास आधी उलट्या हाताने. दाराची कडी उलट्या हाताने. देवळातल्या घंटेलासुद्धा आधी उलटा हात, मग टोल. त्यांच्या बायको दरवर्षी माझ्याकडे मिरची कांडायला आणत. त्या सांगायच्या, "ताटात भाकर वाढली तरी हात उलटा करून बघत्यात. म्या काय भाकरीत करंट सोडलाय व्हय?" आणि दादा शेजारी उभे राहून लाजत.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या हाळीबद्दल.

आमच्या गल्लीत घरोघरी माग, शिलाई, पॅकिंग. लाईट गेली की नुकसान, म्हणून जरा ऐपत आली की माणूस आधी जनरेटर घेई. आता जनरेटरची जोडणी नीट वेगळी केलेली नसली, तर त्याचा करंट घरातून उलटा बाहेरच्या तारेत जातो. म्हणजे सगळ्या पेठेत अंधार, तार थंड आहे असं समजून माणूस खांबावर चढलेला, आणि एखाद्या घरातून त्याच तारेत मरण सोडलेलं. दादांचा एक सोबती असाच गेला होता, दुसऱ्या कुठल्या भागात. त्याबद्दल ते बोलत नसत. आम्हीही विचारत नसू.

म्हणून चढण्याआधी ते टेस्टर लावून बघत, आणि मग खांबाखाली उभे राहून दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाळी देत, "वर चाललोऽऽ!" त्यावर ज्याच्या घरी जनरेटर त्याने ओरडून सांगायचं, "बंद!" प्रत्येकाचा आवाज आल्याशिवाय ते पाय उचलत नसत. हे कुठल्या नियमात नव्हतं. हे त्यांचं आणि गल्लीचं होतं.

मी एकदा चिडवलं, "दादा, टेस्टर लावलात ना? मग हे भारुड कशाला?"

"टेस्टर आत्ताचं सांगतो, ताई. म्होरचं न्हाय सांगत," ते म्हणाले. "तुमी बंद म्हणला म्हंजे मी खाली येईस्तवर बंद. ते तुमीच सांगायचं असतं मला."

मला तेव्हा हसू आलं होतं. 

मग सरकारची सोलरची योजना आली. घराच्या छतावर पॅनेल बसवा, सरकार अनुदान देईल, बिल जवळजवळ शून्यावर येईल. भोंगा लावलेली गाडी गल्लीत फिरून गेली, तिचं कुणी मनावर घेतलं नाही. मग वरून हुकूम निघाला, की वायरमन लोकांनी आपापल्या भागात घरं तयार करावीत. दादा आठवडाभर धुमसत होते. "मी तारा जोडायच्या का लोकांची मनं?" पण एकदा मनावर घेतल्यावर त्यांना त्याची अशी काही गोडी लागली, की विचारू नका. स्थळं जमवणाऱ्या मध्यस्थासारखे ते छतं बघत हिंडू लागले. "छत चांगलं हाय. दक्षिणेला मोकळं, सावली न्हाय, घराणं जुनं. पाण्याची टाकी तेवढी मधी येतीया, पर ती काय सरकवता येईल."

पहिलं छत जमलं ते कोपऱ्यावरच्या कारखानदारांचं. टॉवेलचा कारखाना, मागच्या बाजूला घर. माणूस मनमिळाऊ, गल्लीतल्या कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. दादांना ते मामा म्हणत आणि दादा त्यांना मालक. पॅनेल चढली त्या दिवशी त्यांनी वर नारळ फोडला, सगळ्या गल्लीला पेढे वाटले. घरातल्या बायकांनी पॅनेलला हळदकुंकू लावलं, तेव्हा दादा किंचाळलेच. "अवो पुसा, पुसा! सूर्याच्या वाटंत कुंकू लावता व्हय? तेवढी वीज कमी हुती!" मग स्वतःच खिशातल्या रुमालाने ते हळुवार पुसलं. त्या दिवशीचा त्यांचा फोटो आहे माझ्याकडे. पॅनेलच्या बाजूला ताठ उभे, मिशा वर केलेल्या, मुलीचा बाप लग्नात उभा राहतो तसे.

कोपऱ्यावर झालं म्हणून समोर झालं, समोर झालं म्हणून मी केलं. पाहता पाहता गल्लीची निम्मी छतं निळीकाळी झाली. कारखानदारांनी तर जनरेटर विकूनच टाकला. त्याच्या धुराचा माझ्या दुकानाला ताप होता, तो गेला. दादा खूष. "एक वरडणारा कमी झाला," म्हणाले.

त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा भर दुपारी लाईट गेली आणि गल्ली पेटली. ऊन असं, की पायरीवर पाय ठेववत नव्हता. छतावर पॅनेल तापलेली, आणि घरात पंखा बंद! माणसं दादांवर तुटून पडली. मीही त्यात होतेच, माझी जीभ तुम्हाला ठाऊक नाही. "सूर्य डोक्यावर आहे आणि तुमचं सोलर झोपलंय? हे काय फसवणं लावलंय?"

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाहीरची लाईट गेली की सोलर आपोआप बंद पडतं. तसंच बनवल्यालं हाय."

"पण का?"

"का म्हंजे? मी तारंवर असतो की."

दादा माझ्याकडे वळले, आणि मी त्यांचे डोळे तसे ओले कधी पाहिले नव्हते. "ताई, इतक्या वर्सांत मशीन बनवणाऱ्यानं पयल्यांदा माझा इचार केलाय बघा. कुणी सांगितलं न्हाय तरी ते बंद हुतं." आणि गल्लीला त्यांनी मोठ्याने सांगून टाकलं, की सोलरवाल्यांनी हाळीला उत्तर द्यायची गरज नाही. फक्त जनरेटरवाल्यांनी ओरडायचं.

लोकांची समजूत पटली, निदान तोंडावर तरी. पण पोटात जळजळ राहिली. कारखानदारांना बाहेरगावच्या मोठ्या ऑर्डरी होत्या, जनरेटर विकून बसले होते, आणि लाईट तर दिवसाआड जायला लागली होती.

मग एका दुपारी लाईट गेलेली असताना दादा खांबाशी आले, फ्यूज काढला, हाळी दिली, जनरेटरवाल्यांची उत्तरं आली. सवयीने त्यांनी पुन्हा टेस्टर लावला. आणि तसेच थिजून उभे राहिले. टेस्टरमधला दिवा मिणमिणत होता. ते बघता बघता तो विझला.

ते माझ्या पायरीवर येऊन बसले. पाणी दिलं ते हातातच धरून ठेवलं.

"ताई, तार जागी हाय."

"कुणीतरी जनरेटर लावला असेल."

"आवाज कुटं हाय जनरेटरचा?"

खरंच नव्हता. सगळी गल्ली चिडीचूप होती. 

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरले. माझ्याकडेही आले, बोर्ड उघडून बघितला, मला राग आला नाही. कोपऱ्यावर गेले तेव्हा मी समोरून बघत होते. कारखानदारांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला. "नाही हो मामा, तसलं काही नाही आपल्याकडं. आईची शपथ." दादांनी बोर्ड उघडला नाही. ज्याने पहिलं छत दिलं, त्याच्या घराची झडती कशी घ्यायची, असं त्यांना वाटलं असावं. चहा पिऊन ते परत आले.

प्रत्यक्षात काय झालं होतं ते गल्लीला फार उशिरा कळलं. बाहेरच्या एका फिटरने कारखान्यात बॅटरीचं एक यंत्र जोडून दिलं होतं. ते चालू केलं की सोलरला वाटायचं, लाईट गेलेलीच नाही. मग ते बिचारं वीज करत राहायचं. आवाज नाही, धूर नाही. बाहेरच्या तारेशी संबंध तोडायला एक खटका होता, तो दर वेळी हाताने टाकायचा. टाकला तर सगळं ठीक. कळलं तर कनेक्शन जाईल, कुणाला सांगू नका, असं फिटरने बजावलं होतं.

दादांनी हाळीची रीत बदलली. आता जनरेटरवाल्यांनी आणि सोलरवाल्यांनी, दोघांनीही ओरडायचं. शाळेतल्या हजेरीसारखं होऊ लागलं ते. पोरं हसत. मीही "बंद!" म्हटल्यावर पुढे "गुरुजी!" जोडायची. पण दादा हसत नव्हते. त्यांचं जेवण तुटलं होतं. माझी शेंगाचटणी त्यांना भारी आवडायची, ती दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तोंडाला चव न्हाय." पायरीवर बसले की त्यांची नजर एकेका छतावरून फिरत राही. ती सगळी त्यांनीच जमवलेली छतं होती.

"बदली मागून घ्या ना," मी एकदा म्हणाले.

"मागीन. पर ह्या खांबावर मंग दुसरा कोनतरी चढंल. त्याला गल्लीची म्हायती न्हाय." आणि उठता उठता म्हणाले, "हितं कोनतरी मला सांगत न्हाय, ताई. एवढंच वाईट वाटतं."

त्या वेळी वैशाख चालू होता. दुपारची लाईट गेली, आमच्या खांबावर काहीतरी जळाल्याचा वास येत होता. दादा आले. फ्यूज काढला, टेस्टर लावला, मला दाखवला. दिवा लागला नाही. पाणी प्यायले. पट्टा बांधला. आणि हाळी दिली.

वरच्या मजल्यावरून आलं, "बंद!" समोरून, "बंद!" मी म्हणाले, "बंद!" त्या दिवशी गुरुजी जोडलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत एकेक आवाज आला. कोपऱ्यावरून मात्र काही आलं नाही. माग जेवणाच्या सुट्टीसाठी थांबलेले होते.

"मालक, बोला की!"

आतून तोंडात घास असलेला आवाज आला. "बंद, मामा, बंद!"

दादा चढले. वर जाऊन पट्टा खांबाला अडकवला, तारेला उलटा हात लावून बघितला, मग पिशवीतून पक्कड काढली. मी मिरचीचं पोतं आत ओढायला वळले. कसलाच आवाज झाला नाही, ओरडणं नाही, काही नाही. फक्त समोरची बाई "अगं बाई" म्हणाली, आणि मी मागे बघितलं.

ते पडले नव्हते. पट्ट्याने त्यांना धरून ठेवलं होतं. अंग धनुष्यासारखं ताठ, एक हात तारेवर, मूठ आवळलेली. आम्ही सगळे किंचाळत होतो आणि कुणीही खांबाला हात लावू शकत नव्हतं. कोपऱ्यावरचे कारखानदार उष्ट्या हाताने बाहेर आले. त्यांनी वर बघितलं. आणि ते खांबाकडे न धावता, उलटे घरात धावले.

क्षणभराने दादांची मूठ सुटली.

ते सगळ्या गल्लीने पाहिलं. त्यानंतर कुणालाच काही विचारायची गरज उरली नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

चौकशीला साहेब आले. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, हाळीचंही सांगितलं. त्यांनी पेन थांबवलं. "हाळी म्हणजे? अशी पद्धत आमच्याकडे नाही." कारखान्यात ते जाऊन आले, पण तोवर तिथल्या भिंतीवर चार भोकं तेवढी राहिली होती. बाकीच्यांनी काही पाहिलंच नव्हतं. मला त्या दिवशी माझ्या गल्लीचा इतका संताप आला, की कांडप लावून मी दार आतून ओढून घेतलं आणि मिरचीच्या नावाखाली पोटभर रडले.

पावसाळा सरत आल्यावर दादांच्या बायको आल्या. त्या आता जेऊरलाच राहत होत्या; सकाळच्या गाडीने आल्या होत्या. पिशवीत मिरची नव्हती. मी बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. खांबाकडे बघत म्हणाल्या, "ताई, त्यांच्या कागदात लिवलंय की खबरदारी घेतली न्हाय, तसंच वर चढले. माजी भावकी बी तेच म्हनती, की बेफिकीर माणूस व्हता. ताटातल्या भाकरीला हात लावून बघणारा माणूस. मला तेवढंच सांगा. त्यांनी हाळी दिली व्हती का?"

"दिली होती," मी म्हणाले. "देवाशप्पथ दिली होती. टेस्टर लावून मला दाखवला होता. सगळ्यांची उत्तरं घेऊन ते वर गेले."

"मंग?"

एवढ्यात कोपऱ्यावरचं दार उघडलं. कारखानदार निम्मे झाले होते त्या चार महिन्यांत. ते रस्ता ओलांडून आले आणि दादांच्या बायकोसमोर हात जोडून उभे राहिले. गल्लीतली माणसं एकेक करून उंबऱ्यात आली.

"वहिनी," ते म्हणाले, "मामांनी मला हाळी दिली. दोनदा दिली. मी बंद म्हणालो. तेव्हा खरंच बंद होतं." "मग जेवताना फार उकडत होतं, म्हणून पंख्यापुरतं चालू केलं. बाहेरचा खटका टाकायचा राहिला."

त्या माउलीने कपाळ बडवलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. मग खरोखरच माहिती विचारावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "गार वाटलं का मंग?"

कारखानदार जागीच खाली बसले. आपण जे बोललो ते साहेबांपुढे जाऊन सांगू, कागद बदलून आणू, असं काहीबाही म्हणत राहिले. पुढे त्यांनी ते केलंही, कनेक्शन गेलं, कारखाना बंद झाला, खटला अजून चालू आहे. पण त्या दिवशी त्या माउलीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. पदर सारखा करून त्या माझ्याकडे वळल्या.

"आता हितं कोन चढतं?"

"नवे वायरमन आलेत. सांगलीकडचे आहेत."

"त्येस्नी माजा निरोप द्या. म्हनावं, ह्या गल्लीत कुणाचं ऐकू नका."

पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा तो नवा माणूस खांबाशी आला. चाळिशीचा, नेमस्त, कमी बोलणारा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि निरोप जसाच्या तसा दिला. पाणी पिऊन त्याने तांब्या परत केला, आजूबाजूच्या छतांकडे एकदा बघितलं.

"कुणाचंच नाही?" त्याने विचारलं.

"माझंसुद्धा नाही," मी म्हणाले.